‘मशीन रिकामं ठेवू नका’ या सल्ल्याचं गणित तपासून पाहा

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा : मशीन एक मिनिटही रिकामं ठेवू नका. बॅच जितकी मोठी, तितका माल स्वस्त. स्टॉक म्हणजे तिजोरीतला पैसा. तपासणी शेवटी एकदाच, पण कडक करा. आणि ऑर्डर वेळेत जात नसेल तर नवीन मशीन घ्या.

ऐकायला पाचही वाक्यं पटतात. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटने ती जशीच्या तशी पाळली, तर मात्र शेड मालाने भरेल, खातं रिकामं होईल आणि ऑर्डरही उशिराच जाईल. कसं, ते आकड्यांत पाहू.

‘मशीन एक मिनिटही रिकामं नको’

शीटमेटलचे पॅनेल बॉक्स बनवणारं युनिट धरा. कटिंग तासाला ६० बॉक्सचं होतं, बेंडिंग ४०, वेल्डिंग २४ आणि पावडर कोटिंग (पावडरच्या रंगाचा थर चढवणं) ३६. जेवणाची सुट्टी सोडून शिफ्ट साडेसात तासांची. कोणी कितीही धावपळ करो, दिवसाला १८० च बॉक्स बाहेर पडणार, कारण वेल्डिंग तेवढंच करतं. बेंडिंग दिवसभर चालवलं तर ३०० निघतील, म्हणजे वेल्डिंगपुढे रोज १२० चा ढीग वाढेल.

शेडमध्ये अर्धवट माल ९०० बॉक्सचा झाला की आज कापलेला बॉक्स बाहेर पडायला ९०० भागिले १८०, म्हणजे पाच दिवस लागतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम आहे आणि तो कोणत्याही शेडला लागू पडतो. त्यात पावसाळ्यात सीआर (कोल्ड रोल्ड) शीटच्या कापलेल्या कडांना गंज धरतो, घासण्याचं काम वाढतं, ते वेगळंच.

मेसेजमधलं वाक्य एकाच ठिकाणी खरं आहे : वेल्डिंगवर. तिथला गेलेला तास म्हणजे अख्ख्या कारखान्याचे २४ बॉक्स गेले. कटिंगचा गेलेला तास भरून निघतो, कारण १८० बॉक्स कापायला त्याला तीनच तास पुरतात. म्हणून लक्ष वेल्डरकडे द्या. तो पार्ट शोधतो, जिगमध्ये, म्हणजे पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसवतो, टॅक (छोटे ठिपक्यासारखे वेल्ड) मारतो, वेल्ड करतो आणि वर ग्राइंडरही चालवतो. पार्ट आणून देणं आणि ग्राइंडिंग ही कामं कटिंगच्या मोकळ्या माणसाकडे द्या. दुसरा जिग बनवा, म्हणजे एकावर वेल्ड चालू असताना दुसरा भरता येईल. जेवणाच्या अर्ध्या तासात आळीपाळीने स्टेशन चालू ठेवलं तर तेवढ्यानेच रोज १२ बॉक्स वाढतात. यात नवी खरेदी फक्त एका जिगची.

जॉबवर्क करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काम अनियमित येत असेल, प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त असेल आणि मशीन ८० टक्के भरलेलं असेल, तर रांगेच्या साध्या गणितानुसार प्रत्येक कामाला प्रक्रियेच्या सरासरी ४ पट वेळ थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ पट, ९५ ला १९ पट. पार्टीला तारीख देताना हे लक्षात असू द्या.

‘बॅच जितकी मोठी, तितका माल स्वस्त’

हे अर्धंच गणित झालं. सेटिंगचा, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचा खर्च बॅचवर वाटला जातो हे खरं, पण माल पडून राहण्याचाही खर्च असतो. दोन्ही धरून किफायतशीर बॅच काढायचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्येच दिलं : वर्षाची मागणी गुणिले एका सेटिंगचा खर्च गुणिले दोन, त्याला एक नग वर्षभर ठेवण्याच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. मागणी १२,००० नग, सेटिंग ५०० रुपये, ठेवण्याचा खर्च १२ रुपये असेल तर बॅच १,००० ची. सेटिंग १२५ रुपयांवर आणलं तर बॅच ५०० ची. म्हणजे खरी मेहनत सेटिंग कमी करण्यावर घ्यायला हवी.

जपानच्या शिगेओ शिंगो यांनी त्याची पद्धत घालून दिली. पॉवर प्रेसवर डाय (साचा) बदलतानाचा पूर्ण व्हिडिओ काढा आणि प्रत्येक कृतीपुढे मिनिटं लिहा. डाय शोधणं, बोल्ट-क्लॅम्प गोळा करणं, ड्रॉइंग मागवणं ही कामं प्रेस बंद असताना होताना दिसतील. आधीचा जॉब चालू असतानाच ती उरकून घ्या. मग सगळ्या डायखाली पॅकिंग प्लेट लावून त्यांची बंद उंची (प्रेस पूर्ण खाली आल्यावरची डायची उंची) सारखी करा, म्हणजे दरवेळी रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) वर-खाली करून ट्रायल पीस वाया घालवावे लागत नाहीत. क्लॅम्प बसतो त्या कडेची जाडीही सगळीकडे एकच ठेवा.

पावडर कोटिंगमध्ये रंग बदलताना बूथ, गन आणि होस साफ करावे लागतात. तिथे फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जा. उलट गेलात तर पांढऱ्या दारावर काळे ठिपके दिसतील.

‘स्टॉक म्हणजे तिजोरीतला पैसा’

दहा लाखांचा माल बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर ११ टक्क्यांनी उचलला असेल, तर वर्षाला १ लाख १० हजार रुपये नुसतं व्याज. आणि नागपुरात तर पावडर जास्त भरून ठेवणं सरळसरळ धोक्याचं आहे. बहुतेक पावडर २५ ते ३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवायला सांगतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपासही जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पावडरच्या बॉक्समध्ये गोळे होतात, होस तुंबतो, पृष्ठभागावर दाणे उठतात. स्टोअरमध्ये डेझर्ट कूलर लावणं हा त्याहून वाईट उपाय, कारण तो हवेत ओलावा सोडतो. छोटी बंद खोली आणि साधा एसी पुरतो.

किती ठेवायचं? रोजचा वापर २० किलो, माल यायला ५ दिवस, वाहतुकीत आणखी ३ दिवस उशीर धरला तर १६० किलो. २० किलोचे ८ बॉक्स उरले की ऑर्डर टाका. शेवटून आठव्या बॉक्सवर लाल पट्टी चिकटवा, म्हणजे स्टोअरवाल्याला हिशोब करत बसावं लागणार नाही.

‘तपासणी शेवटी एकदाच’

चार टप्पे, प्रत्येकी ९७ टक्के चांगले, तर शेवटी ८८-८९ च चांगले उरतात. भोक चुकलेला पार्ट कोटिंगनंतर सापडला, तर वेल्डिंगची मिनिटं आणि पावडर दोन्ही गेली. प्रत्येक सेटिंगनंतर पहिला पीस तपासा, आणि वेल्डिंगच्या तोंडाशी एक गो-नो-गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं साधन) ठेवा.

‘नवीन मशीन घ्या’

आधी जुन्याचा हिशोब मांडा. ४५० मिनिटांपैकी प्रेस ३६० मिनिटं चालला : ८० टक्के. ३० सेकंदांना एक या दराने ७२० निघायला हवे होते, निघाले ५४० : ७५ टक्के. त्यात चांगले ५१३ : ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार ५७ टक्के. म्हणजे ९०० नगांची क्षमता असलेल्या मशीनकडून ५१३ च मिळाले. पंधरा दिवस दर थांब्याचं कारण आणि मिनिटं फळ्यावर लिहा, आणि मशीनचं कोटेशन मागवायचं ते त्यानंतर. तेही वेल्डिंगसारख्या अडलेल्या स्टेशनसाठीच. कटिंगला दुसरं मशीन घेतलं तर १८० चे १८० च राहतील.