अंग ‘आंबतं’ ते आम्लामुळे नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तीन ग्रुपांवर फिरला. त्यात म्हटलंय की श्रमानंतर पाय दुखतात ते स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, म्हणूनच आपण ‘अंग आंबलं’ म्हणतो, आणि ते रगडून बाहेर काढावं. स्नायू म्हणे रबरासारखा आखडतो, वापरला तितका झिजतो. पोटाचे व्यायाम केले की आतडी बळकट होतात. आणि हृदय हाही स्नायूच, त्याचे ठोके मोजून मिळालेले, तेव्हा साठीनंतर ते चालण्यात उधळू नयेत. माझी आत्या एकसष्ट वर्षांची आहे. हे वाचून तिने कमाटीबागेतली सकाळची फेरी बंद केली, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिला दावा तर आत्याच्याच पायांनी खोटा ठरवलाय. दिवाळीनंतर आम्ही पावागडावर गेलो होतो. रोपवे न घेता माचीपासून पायऱ्यांनी चढलो आणि पायऱ्यांनीच उतरलो. धाप लागली ती चढताना. त्या रात्री ती ठणठणीत होती. तिसऱ्या दिवशी मात्र घरचा जिना उतरताना कठडा धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी उतरत होती. जोरात श्रम केल्यावर वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप) साधारण तासाभरात रक्तातून पूर्ववत होतं, ते तिसऱ्या दिवसापर्यंत कुठून टिकणार? शिवाय ते जास्त तयार होतं चढताना, आणि मांड्या भरून येतात त्या उतरण्याने. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू वजन तोलून धरतो आणि त्याच वेळी लांबत जातो. भरलेली घागर दोरीने विहिरीत हळूहळू सोडताना हातांना जो रट्टा बसतो, तसंच. या ओढाताणीत तंतूंना बारीक इजा होते, मग सूज येते, आणि दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं. तेल लावून चोळल्याने बरं वाटतं, जरूर चोळा. पण त्यातून आम्ल बाहेर पडत नाही. ‘आंबणं’ म्हणजे थकून जाणं. तो शब्द रसायनाचा पुरावा नव्हे. आठवडाभराने पुन्हा उतरलात तर दुखणं कमी होतं, कारण तोवर स्नायू सावरून तयार झालेला असतो. मग वापराने झिजतो कसा म्हणायचं? प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याच्या या गावात हे सांगावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

(श्रमानंतर लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठा. ते साधं अंग दुखणं नव्हे.)

रबराचं म्हणाल तर १९५४ मध्येच दोन वेगवेगळ्या संशोधक जोड्यांनी दाखवून दिलं की आकुंचनात स्नायूतले तंतुक, म्हणजे आतले अतिसूक्ष्म धागे, स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात. पुन्हा विहिरीवरच जाऊ. पोहरा वर घेताना आपण हातावर हात टाकत दोर ओढतो. दोर तेवढाच राहतो, पोहरा वर येतो. इथे दोर म्हणजे अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा तंतुक आणि हात म्हणजे मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची डोकी. कॅल्शियम सुटलं की दोरावर पकडीची जागा मोकळी होते. पकड सोडून पुढचा हात टाकायला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं. ते संपलं की पकड सुटतच नाही. मृत्यूनंतर देह ताठरतो तो यामुळेच.

पोटाचा दावा पटकन निकालात निघतो. व्यायामाने कसतात ते पोटाच्या भिंतीतले पट्टकी (सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे दिसणारे) स्नायू, आपल्या इच्छेने चालणारे. आतड्यातले अपट्टकी, ते हळू, दीर्घकाळ आणि आपल्याला न विचारता काम करतात. पोटाचे व्यायाम करून ते फुगत नाहीत.

आता हृदय, कारण नुकसान इथे होतंय. हृदयाचा स्नायू पट्टकी असूनही इच्छेबाहेरचा आहे. त्याच्या पेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांनी भरलेला असतो. ज्या लॅक्टेटला मेसेजने विष ठरवलं, तेच हृदय इंधन म्हणून जाळतं. मिनिटाला ७५ ठोके असतील तर ०.८ सेकंदातले साधारण ०.३ सेकंद ते आकुंचन पावतं आणि ०.५ सेकंद सैल असतं. त्याची विश्रांती ठोक्यातच आहे.

ठोके मोजून मिळतात याला कसलाच आधार नाही. तरी घटकाभर धरून चालू. ७२ च्या गतीने दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात. नियमित चालण्याने बसल्या जागीची गती हळूहळू कमी होते. ती ६४ वर आली आणि रोज तासभर ११० ने चाललं, तर उरलेल्या २३ तासांचे ८८,३२० अधिक चालण्याचे ६,६००, म्हणजे ९४,९२०. चालूनही ८,७६० कमीच. हा हिशेब मी आत्याला कॅलेंडरच्या मागे लिहून दिला. तिने बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली.

चालताना छातीत दाब वाटला, घाम फुटला, तर थांबून तपासून घ्यायचं, हेही खाली लिहिलंय. उद्या सकाळी सहाला आम्ही दोघं कमाटीबागेत जाणार आहोत.