मयत फंड बंद करायचा म्हणे!

आज चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाल्यावर आमच्या पुरुष संघटनेची मीटिंग होती. विषय काय, तर फेस्तला, म्हणजे चर्चच्या सणाला, सगळ्यांना एकसारखे ब्लेझर. पैसे कुठून आणायचे? एकजण बिनधास्त म्हणाला, सभासद गेला की त्याच्या घरच्यांना मदत करणारा मयत फंड बंद करू, हल्ली प्रत्येकाकडे पॉलिसी असते. आणि माना डोलल्या!

अरे, असल्या संघटना निघाल्या कशासाठी? नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेचे फोटो फॉरवर्ड करता ना, तलवारी-टोप्यांचे? ती 1882 साली अमेरिकेत, न्यू हेवनच्या सेंट मेरीज चर्चच्या तळघरात फादर मायकेल मॅकगिव्हनींनी सुरू केली. घरचा कर्ता गेला की बायकापोरं उघड्यावर पडायची, म्हणून. फादरांचे वडील पितळेच्या कारखान्यात मोल्डर, म्हणजे साच्यात धातू ओतणारे कामगार. ते वारले तेव्हा हा मुलगा सेमिनरी सोडून घरी आला होता. त्याला झळ बसलेली होती. आज त्या संघटनेचे 20 लाखांवर सभासद आहेत, आणि विमा अजून चालू आहे.

माझे पप्पाही मोल्डरच, उद्यमनगरात. मी आठवीत असताना गेले. संघटनेच्या माणसांनी पेटीला खांदा दिला, पण तेवढं शेजारीपण करतात. एक काका मात्र माती दिल्यावरही येत राहिले. ड्यूटी सुटली की यायचे, पीएफचा फॉर्म पसरायचे, पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे. "वहिनी, हितं सही." आई फुलीवर सही करायची. माझी फी कुणी भरली, हे मला लग्न ठरल्यावर कळलं.

पॉलिसी म्हणे! पॉलिसी फुली मारायला घरी येते का?

हाउझी, पार्ट्या, रुसवेफुगवे तेव्हाही होते, कबूल. चांगला कोट घालावासा वाटणं हेही काही पाप नाही, घाला बाबांनो, स्वतःच्या खिशातून. 2019 च्या महापुरात पेठांतली तालमीची पोरं पाण्यात उतरली, तेव्हा कोणी गणवेश मागितला होता?

आणि एक राहिलंच. पप्पा गेले तसं आमचं सभासदत्वही गेलं, कारण नाव पुरुषाचं. ज्या बाईसाठी फंड, तिलाच मीटिंगला खुर्ची नाही! जेवण वाढायला तेवढ्या बायका. आमच्या चर्चमध्ये बँकेतून रिटायर झालेल्या दोघीजणी आहेत, फॉर्म डोळे झाकून भरतील. त्यांना कमिटीत या म्हणून विचारलंय कधी कुणी?