शेठचे तीस लाख: कर्ज की भाग? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग असा, की ‘सिनेमाला पैसा देणाऱ्या शेठसाठी’ हा, पैसा देण्याआधी लेखी करार करा असं सांगणारा माझा लेख वाचून आपल्याकडचा जो एखादा राइस मिलवाला पैसे काढायला तयार झाला असेल, तोही मागे फिरेल. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, नाटक कंपन्यांना महिना दोन टक्क्यांनी, नुसत्या शब्दावर पैसा मिळतो आणि तो फिटतोही, मग तुमच्या सिनेमासाठी शेठकडून ३० लाख तसेच घेतले तर बिघडलं कुठं, सिनेमाच्याच गळ्यात करारांचं लोढणं कशाला, असं तुम्ही विचारता. आणि याच शेठनं पोल्ट्रीत पैसा घातला तेव्हा कोणी एवढे कागद मागितले नव्हते, हेही सुनावता.

नाटकाचं उदाहरण काढलंत ते चांगलं झालं, कारण खरा फरक तिथेच आहे. झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या कंपनीला हंगामाआधी पैसा लागतो: कलावंतांची उचल, पडदे, लाइट-साउंड, गाडी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की गावोगावची मंडळं ठरलेल्या रकमेवर प्रयोग घेतात. तिकिटं खपली नाहीत तर खड्डा मंडळाला पडतो, कंपनीला नाही. होळीपर्यंत प्रयोगामागून प्रयोग होतात आणि प्रत्येक प्रयोगाचे पैसे वेगळे येतात. म्हणून तिथं कर्ज चालतं. एक रात्र पावसानं गेली तरी पुढच्या गावात भरपाई होते, आणि धानाचा चुकारा हाती आलेला असतो म्हणून गावही खर्च करतं. शब्द पाळला जातो तो या रोख फिरण्यामुळे.

सिनेमाला अशी रात्र येतच नाही. दीड वर्ष पैसा फक्त बाहेर जातो, आणि येतो तो प्रदर्शनाच्या पहिल्या दोन आठवड्यांत. तुमचाच आकडा घेऊ: ३० लाख, महिना दोन टक्के. महिन्याचं व्याज ६० हजार, १८ महिन्यांचं १० लाख ८० हजार. म्हणजे फेडायचे ४० लाख ८० हजार. तिकीट कर धरून १०० रुपये ठेवलं, तर ५ टक्के जीएसटी वजा जाता साधारण ९५ रुपये उरतात. थिएटरचा वाटा जाऊन ४५ टक्के हाती आले असं धरलं, तर ४३ रुपयांच्या आत. त्यातून वितरकाचं १५ टक्के कमिशन गेलं की साडेछत्तीसच्या खाली. या हिशेबानं फक्त शेठची फेड करायला सुमारे १ लाख १२ हजार तिकिटं खपावी लागतात. पोस्टर, ट्रेलर, थिएटरच्या डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क यातलं अजून काहीच धरलेलं नाही. आपल्या चार जिल्ह्यांतले मोजके पडदे डोळ्यांसमोर आणा. अमरावतीचा वितरक सीपी-बेरारच्या (विदर्भ आणि आसपासच्या वितरण विभागाच्या) हक्काला मिनिमम गॅरंटी, म्हणजे सिनेमा चालो न चालो एक ठरलेली रक्कम, देईल ही आशा असते; पण नवख्या कलावंतांच्या सिनेमाला तो बहुधा कमिशनवरच घेतो, म्हणजे जोखीम पुन्हा तुमच्याकडेच.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. अशा सिनेमाला दिलेला पैसा नावाला कर्ज असतो, स्वभावानं तो भाग, म्हणजे नफ्या-तोट्यातला वाटा, असतो. सिनेमा पडला तर निर्मात्याकडे फेडायला काही नसतं, आणि मग नजर जाते त्याच्या बापाच्या बांधीवर, धानाच्या शेतावर. ‘विश्वासापुरतं’ म्हणून करून घेतलेलं शेताचं विक्रीपत्र, सुरक्षेसाठी घेतलेला कोरा चेक, हे प्रकार आपल्या भागाला नवे नाहीत. अशा विक्रीपत्राविरुद्ध जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, पण तोवर दोन घरं उठलेली असतात.

शेठलाही ते परवडत नाही. परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणं २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं गुन्हा आहे. परवाना असला तरी बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. तुमचे दोन टक्के वर्षाला २४ होतात. शिवाय २० हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीनं घेतलं तर आयकर खातं घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड लावू शकतं. इथं घेणारे तुम्ही आहात, हे लक्षात घ्या.

भाग घ्यायचा म्हणजे शेठनं निर्मितीसंस्थेत भागीदार व्हायचं, असं मात्र नाही. साध्या भागीदारीत संस्थेच्या सगळ्या देण्यांना प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. कॅमेरावाल्याची थकबाकी मिलच्या दारात येईल. एका सिनेमापुरता गुंतवणूक करार करावा, किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढावी. करारात वसुलीचा क्रम लिहावा: आधी प्रसिद्धी आणि वितरणाचा खर्च, मग शेठची मुद्दल, त्यानंतरचा नफा ठरलेल्या प्रमाणात. वितरकाचे पैसे दोन सह्यांच्या स्वतंत्र खात्यातच यावेत. सरकारी अनुदान या क्रमात धरू नये. ते सिनेमाची श्रेणी ठरल्यावर येतं.

आता हप्ते, कारण सिनेमा इथंच अडकतो. ३० लाखांतले ३ लाख पटकथा, वेळापत्रक आणि कलावंतांचे करार दाखवल्यावर, शूटिंगला १२, शूटिंग संपल्यावर ६, डबिंग आणि संगीताला ५, आणि शेवटचे ४ सेन्सॉर आणि थिएटरच्या डिजिटल प्रतीसाठी राखून. सगळे एकदम दिले की २५ शूटिंगमध्येच उडतात आणि आवाजाचं काम कोणीतरी उधारीवर करतं. आपल्याकडच्या पुष्कळ सिनेमांत संवाद ऐकू येत नाहीत ते यामुळेच.

तिसरा हप्ता सोडण्याआधी एक काम शेठच्या माणसानं स्वतः करावं. शूट झालेलं सगळं फुटेज दोन हार्ड डिस्कवर असावं आणि त्यातली एक शेठकडे राहावी. डिस्क नुसती कपाटात ठेवून भागत नाही. ती लावून प्रत्येक दिवसाचं फोल्डर त्या दिवसाच्या कॉल शीटशी (शूटिंगच्या दिवसाच्या कामाच्या यादीशी) जुळवावं, मधल्या एक-दोन फाइल चालवून बघाव्यात, आवाजाच्या फाइल वेगळ्या आहेत का तेही तपासावं. कॅमेऱ्याचं फुटेज आहे पण साउंड रेकॉर्डिस्टनं पैसे थकले म्हणून आपलं कार्ड ठेवून घेतलंय, हे एडिटिंगच्या टेबलावर कळून उपयोग नाही.

कागदांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं कथा आणि गाण्यांकडे. हक्क लेखी हवेत, आणि त्यात मुदत आणि प्रदेश लिहायलाच हवा. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. सहा वर्षांनी एखादं ओटीटी विचारायला आलं, तर विकायला तुमच्याकडे काही उरलेलं नसतं. तसंच गावातला सिनेमा म्हटला की बैल, शेळी, कुत्रा येणारच. त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते, नाहीतर सेन्सॉरला तेच दृश्य अडकतं. लहान मुलं असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही.

पोल्ट्रीचं म्हणाल, तर तिथं धंदा बसला तरी शेड, पत्रे आणि जागा राहते. सिनेमात मागे राहतो तो फक्त हक्क, आणि तो कागदाशिवाय कुठंच नसतो.

तुमच्या शेठशी बोलणं अजून चालू असेल, तर व्याजाचा विषय बाजूला ठेवून आधी वसुलीचा क्रम एका पानावर लिहून न्या. त्यावर तो हो म्हणाला की मग वकिलाकडे जा. मसुद्यात कुठं अडलात तर इथंच खाली विचारा, कलमानुसार उत्तर देईन.