मध्ये सरकार हवंच

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या रोज पडते आहे. विषय दत्तकाचा. मुलुंडचा माझा चुलतभाऊ आणि वहिनी ‘कारा’च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवून तीन वर्षांच्या वर रांगेत आहेत. नानाकाकांचं म्हणणं, देणारे तयार, घेणारे तयार, मग मध्ये सरकार कशाला कडमडतं? कल्याणच्या पुढे त्यांच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे, तो म्हणे ‘जमवून देतो’. यावर अंगठ्यांची रांग लागली. मी इकडे नेदरलँड्समधून लिहिलं, हा गुन्हा आहे. उत्तर आलं, ‘दुरून डोंगर साजरे. तिथे बसून बोलायला तुझं काय जातं?’

झोंबलं. खोटं कशाला बोलू?

‘जमवून देणं’ म्हणजे काय, ते आधी बोलू. बाळंतिणीच्या कागदावर वहिनीचं नाव घालायचं, जन्मदाखला थेट तिच्या नावाने काढायचा आणि खरी आई जगातून पुसून टाकायची. बाल न्याय कायद्यात मूल विकणं-विकत घेणं याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि त्यात दवाखान्याचा माणूस असेल तर तीन ते सात वर्षं. अर्भकं विकणारी टोळी पकडल्याच्या बातम्या मुंबईच्या पेपरांत अधूनमधून येतात, त्या नानाकाका चहाबरोबर वाचतात आणि ‘काय जमाना आलाय’ म्हणतात. आपला डॉक्टर मात्र देवमाणूस!

रांग लांब आहे, कबूल. पण ती तपासणीने लांबलेली नाही. नाव नोंदवलेले इच्छुक पालक ३० हजारांच्या वर आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं त्यांच्या दहाव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत. आईने मूल बालकल्याण समितीपुढे स्वाधीन केलं तर तिला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. सापडलेल्या तान्ह्या मुलाचा फोटो पेपरात द्यावा लागतो, कुणी शोधत येतंय का हे पाहावं लागतं, मग समिती त्याला मोकळं करते. हे दोन महिने नानाकाकांना वाया गेलेले वाटतात. ते त्या आईचे आहेत, वहिनीचे नाहीत.

सरकारवर चिडायचंच असेल तर जागा वेगळी आहे. वर्षातून एकदा कुणी मामा भेटून जातो, तेवढ्यावर संस्थेतलं मूल ‘पालक असलेलं’ राहतं. घरी जात नाही आणि दत्तकही जात नाही, तिथेच मोठं होतं. त्या फायली कुणी उघडत नाही. यावर ग्रुपवर एकही संदेश नाही, कारण त्या मुलांची वयं आठ, दहा, बारा आहेत आणि सगळ्यांना पाळण्यातलं हवंय.

गंमत म्हणजे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे नानाकाकांचं दुसरं लाडकं वाक्य. ती पायरी काढून टाकली की! १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायाधीश नाही, जिल्हाधिकारी देतो. म्हणजे मुलुंडकरांची फाइल वांद्र्याच्या कलेक्टर कचेरीत जाणार, जमिनींच्या आणि निवडणुकीच्या गठ्ठ्यांशेजारी. मला स्वतःला न्यायाधीश बरा वाटत होता. पण तेव्हा ग्रुपवर क्रिकेट चाललं होतं.

आता मी राहते ते आमस्टेलवेन. आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घरी एक फॉस्टरचा मुलगा आहे, म्हणजे दत्तक न देता सांभाळायला दिलेला. बुधवारी दुपारी शाळा सुटली की त्याची स्वतःची आई येते, त्याला बाकफीट्समध्ये, म्हणजे पुढे पेटी असलेल्या सायकलीत बसवून कालव्याकडे नेते, पाच वाजता परत सोडते. संस्थेची बाई ठरल्या दिवशी येऊन स्वयंपाकघरात बसते, कॉफी पिते, लिहून घेते. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. हे मी ग्रुपवर जरा ऐटीतच टाकलं.

नानाकाकांच्या मुलाने तासाभरात इथल्याच फ्लार्डिंगन गावची बातमी तोंडावर मारली. मे २०२४, दहा वर्षांची मुलगी, फॉस्टर घरातच इतका छळ की जिवावर बेतलं. धोक्याच्या खुणा दिसत असूनही यंत्रणेने तिला वाचवलं नाही, हे इथल्या निरीक्षकांनीच लिहिलंय. मी उत्तर दिलं की म्हणूनच तर देखरेख हवी, लक्ष नाही दिलं की हे होतं. सोयीचं उत्तर होतं, पण चुकीचं नव्हतं. इथल्या पाळणाघर-भत्त्यांच्या घोटाळ्याचं मात्र मी बोललेच नाही. सरकारने हजारो पालकांना फसवे ठरवलं, कर्जात बुडवलं, त्यातल्या कित्येकांची मुलं घरातून हलवली गेली आणि २०२१च्या जानेवारीत मंत्रिमंडळ पडलं. कशाला द्या हातात कोलीत.

माझ्या या हट्टाचं खरं कारण वेगळं आहे. माझ्या ऑफिसात एक बाई आहे, मुंबईत जन्मलेली, सहा महिन्यांची असताना इथे दत्तक आलेली. तिने एकदा तिची फाइल आणली, मराठी कुणाला येतं म्हणून. फाइल कसली, दोन कागद. टाइपरायटरचा ‘र’ प्रत्येक ओळीत वर उडालेला. आईच्या नावापुढे रेघ. पत्त्याच्या जागी नुसतं ‘मुंबई’ आणि खाली एक शिक्का, इतका पुसट की त्यातलं ‘प्रसूति’ एवढंच लागलं. ती म्हणाली, तू तिथलीच ना, हे कुठे असेल? मी गिरगावपासून परळपर्यंतची माहीत असलेली प्रसूतिगृहं सांगत सुटले. फुशारकीच ती. तिने सगळी वहीत लिहून घेतली.

नेदरलँड्सने १९६७ ते १९९८ या काळातल्या परदेशी दत्तकांची चौकशी केली. गैरप्रकार होते आणि सरकारला ठाऊक होते, असं २०२१ साली जाहीर झालं. २०२४मध्ये नवी परदेशी दत्तकं बंदच करायचं ठरलं. तिच्या रेघेपुढे त्याने नाव आलं नाही.

आणि मला तिचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगणार? तिचं डच बिनचूक. माझं ऐकून दुकानदार इंग्रजीवर येतो. परीक्षा देऊन, भारतीय पासपोर्ट जमा करून मी इथली झाले. तिला आणताना कुणी विचारलं नव्हतं, मला कुणी ढकललं नव्हतं. तरी मुंबईबद्दल जास्त रडते ती मी. नानाकाकांना दुसऱ्याच्या कायद्याचा धाक घालते तीही मीच, कारण त्या घरात आता माझ्याकडे तेवढंच उरलंय.

असो. तर महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्या नावाची. महिन्याला २२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४००० मिळतात. वेळेवर पोचले तर एखादी विधवा आई मूल संस्थेत टाकायची थांबते. फॉस्टरचे नियम २०२४मध्ये सैल झाले, एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येतं आणि दोन वर्षांनी दत्तक मागता येतं. वहिनीला मी हे वेगळं, ग्रुपबाहेर लिहिलं.

तिने फोन केला. बोलली ती गृहभेटीबद्दल. समाजसेविकेने पगाराच्या स्लिपा पाहिल्या, मग सासूबाईंना आत बोलावून विचारलं, ‘मूल सावळं असलं तर?’ सासूबाई भडकल्या. वहिनी म्हणाली, ‘ताई, मला बरंच वाटलं गं. हे मला विचारता आलं नसतं.’ मूल आल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी कुणीतरी बघायला येणार आहे. नानाकाकांनी त्याचा राग आत्तापासूनच काढायला घेतलाय.