विल्याचं मशीन आणि ओरेगॉनची कालवं

शर्मिलाने ग्रुपवर टाकलेली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या कालवांची, म्हणजे शिंपल्यातल्या ऑयस्टरांची, गोष्ट सगळ्यांनी अर्धवट वाचली होती. विल्याने नुसता मथळा वाचला होता. त्यामुळे साहजिकच तोच आधी बोलला.

"समुद्र आंबट झाला म्हणे! अगं, पीएच ८.१ आहे. सातच्या वर म्हणजे अल्कली. शाळेत नापास झालेलीस काय?"

रसायनात कोण नापास झालं होतं ते अख्ख्या कट्ट्याला ठाऊक आहे, पण शर्मिला सभ्य आहे. मत्स्य प्रयोगशाळेत आयुष्य गेलंय तिचं.

"आंबट नाही झाला, तिकडे सरकलाय. कारखान्यांच्या आधी ८.२ होता."

"म्हणजे पॉइंट एक! त्याने काय होतंय?"

"विल्या, हेच पॉइंट एक सांगून तू मला आठ हजारांचं मशीन विकलंस."

बंड्याला ठसका लागला. विल्या मध्यंतरी अल्कलाइन पाण्याची मशीनं विकायचा. अर्ध्या कट्ट्याकडे ती आहेत. माझ्याकडच्यावर हल्ली मनीप्लांट ठेवतात.

"पॉइंट एक म्हणजे हायड्रोजन आयन, ज्यांनी आंबटपणा येतो ते, पाव पटीने तरी वाढले," शर्मिला म्हणाली. "तक्ता दाखवून तूच शिकवलंस."

"ते पिण्याचं पाणी गं. हे कालवांचं!"

मग तिने नीट सांगितलं. २००७ च्या सुमारास ओरेगॉनच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत, म्हणजे पिल्लं वाढवायच्या केंद्रात, कालवांची पिल्लं लाखोंनी मरायला लागली. ("व्हिस्की? तरीच!" इति विल्या. कोणी हसलं नाही.) आधी जिवाणूंवर संशय घेतला, फिल्टर बसवले, तरी मरतच होती. शेवटी तिथल्या विद्यापीठाच्या लोकांनी पाणी मोजलं. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की खोल समुद्रातलं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं आणि म्हणून आंबटाकडे झुकलेलं पाणी किनाऱ्याला वर येतं, आणि तेच टाक्यांत जात होतं.

"पण मोठी कालवं तर मरत नव्हती ना?" बंड्याने विचारलं. त्याच्या प्रश्नांना आम्ही उगाच हसतो.

"नव्हती. खेळ पहिल्या दोन दिवसांचा आहे. तेवढ्यात पिल्लाला शिंपला उभारायचा असतो, आणि खायला अजून धड येत नाही. आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवरच सगळं भागवायचं. अशा पाण्यात शिंपल्याला लागणारं कार्बोनेट कमी पडतं, मग शिंपला रचायला जास्त ताकद लागते, शिदोरी आधीच संपते. मरतं मात्र कधी कधी आठवड्यानंतर. म्हणून तर कारण लवकर सापडलं नाही."

"मग केलं काय?"

"टाक्या दुपारनंतर भरायच्या. दिवसा खाडीतलं गवत कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी सुधारतं. शिवाय सोडा ॲश घालायची. आपला धुण्याचा सोडा."

"बघा! टाका समुद्रात चार पोती, मिटलं!" विल्या.

"टाकीत मिटतं. समुद्रात टाकायला तुझी एजन्सी पुरेल?"

गोखले मास्तर एवढा वेळ गप्प होते. "त्या नारंगी क्लाउनफिश माशांचं काय गं? अशा पाण्यात त्यांना वास कळेनासा होतो म्हणाले होते. मग २०२० साली दुसऱ्यांनी प्रवाळातल्या माशांवर करून बघितलं आणि 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं, तर तसं काहीच दिसेना."

"खरं आहे मास्तर. माशांच्या वागण्याचा तो दावा टिकला नाही. कोपेपॉड नावाचे समुद्रातले बारीक जीवही बऱ्यापैकी तग धरतात. सगळंच मरणार म्हणून छाती बडवणारे मला विल्याइतकेच आवडतात. पण मेलेली पिल्लं टाकीच्या तळाशी मोजता येतात."

"आणि आपल्याकडे?"

"पावसाळ्यात खालचं पाणी आपल्याही किनाऱ्याला वर येतंच. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर वर्षानुवर्षं मोजतेय."

इथे थांबली असती तर चर्चा गंभीर राहिली असती. पण तिने ऑस्ट्रेलियातल्या सी अर्चिनचा, म्हणजे त्या काटेरी गोळ्याचा, २००८ चा प्रयोग काढला. पीएच ०.४ ने उतरवला, तर शुक्राणूंचा पोहण्याचा वेग दहा-बारा टक्क्यांनी घटला आणि फलन जवळजवळ चतुर्थांशाने.

शुक्राणू म्हटल्यावर मास्तर चष्मा पुसायला लागले आणि विल्या उठून उभाच राहिला.

"हेच! माझ्या पत्रकात नववा मुद्दा हाच होता! अल्कलाइन पाणी, संततीसाठी उत्तम! बंड्याने मशीन घेतलं आणि वर्षात जुळी! याला म्हणतात पुरावा!"

सगळे बंड्याकडे बघायला लागले.

"अरे," बंड्या म्हणाला, "ते अजून खोक्यातच आहे."