पेन्शन नाकारली म्हणजे तो लढलाच नव्हता? हे साफ खोटं आहे

‘आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातले तुमचे पूर्वज शोधताय? आधी हे वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या बॉस्टनपासून सिडनीपर्यंत पसरलेल्या आयरिश कुटुंबांमध्ये फिरतोय. माझी लेक कॉर्कच्या एका घरची सून आहे, म्हणून तो माझ्यापर्यंत पोहोचला. त्यात पाच विधानं छातीठोकपणे केली आहेत. 1922च्या आगीत सगळी कागदपत्रं जळाली, आता काही सापडणार नाही. घरात स्वयंसेवकाचा बिल्ला, गणवेशातला फोटो किंवा पदक असेल तर पणजोबा 1916च्या, डब्लिनमधल्या ब्रिटिशविरोधी उठावात होतेच. सरकारी पेन्शन मिळाली नसेल तर माणूस लढलाच नव्हता, आणि अर्ज करूनही नाकारली गेली असेल तर तो तोतया. ब्रिटिश सैन्यात नोकरी केलेला माणूस स्वातंत्र्यसैनिक असूच शकत नाही. आणि पूर्वज स्वयंसेवक ठरला की वारसांना आयरिश पासपोर्ट मिळतो. शेवटी एक फोन नंबर आहे. फोटो आणि पैसे पाठवले की ‘अस्सल वारसाचं प्रमाणपत्र’ घरपोच.

माझ्या विहीणबाईंचे आजोबा क्लेअर काउंटीतले शेतकरी. 1920-21मध्ये ते ब्रिटिशांशी लढणाऱ्या गावच्या तुकडीत होते, हे त्या घरात सगळे सांगत आले. त्यांचा पेन्शनचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्रही घरात आहे. मेसेज वाचून विहीणबाईंनी माझ्या लेकीला विचारलं, “म्हणजे आजोबा आम्हाला जन्मभर खोटं सांगत होते का गं?” सत्तरी उलटलेल्या बाईच्या मनात तिच्या आजोबांबद्दल असा संशय घालण्याचा अधिकार या मेसेजवाल्यांना कुणी दिला? म्हणून मी पेन्शनच्याच मुद्द्यापासून सुरुवात करते.

आयर्लंडमध्ये या पेन्शनी एका कायद्याने एका दिवसात आल्या नाहीत. 1923चा कायदा जखमींसाठी आणि मृतांवर अवलंबून असलेल्यांसाठी होता. 1924च्या कायद्याने लढ्यातल्या सेवेबद्दल पेन्शन सुरू झाली, पण अट अशी की माणूस पुढे नव्या सरकारच्या राष्ट्रीय सैन्यात दाखल झालेला असला पाहिजे. म्हणजे इंग्रजांशी झालेला तह ज्यांना मान्य नव्हता आणि जे त्यावरून पेटलेल्या यादवी युद्धात दुसऱ्या बाजूला उभे राहिले, ते सगळे बाहेर. त्यांना 1934च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. कुमान ना मान या लढ्यातल्या स्त्री-संघटनेतल्या बायकांनाही सेवेची पेन्शन त्याच कायद्याने खुली झाली. तोवर कित्येक जण अमेरिकेला निघून गेले होते. काहींनी तत्त्व म्हणून या सरकारचा पैसा घ्यायचा नाही असं ठरवलं आणि अर्जच केला नाही. असा माणूस पेन्शनच्या यादीत दिसणार कुठून?

अर्ज केलेल्यांचं काय झालं तेही पाहा. 80 हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले आणि पेन्शन मंजूर झाली ती 20 हजारांच्या आत. मेसेजचा हिशेब धरला तर साठ हजारांवर माणसं तोतया ठरतात. तसं नव्हतं. ‘प्रत्यक्ष लष्करी सेवा’ या शब्दांचा अर्थ तपासणाऱ्यांनी फार आखूड लावला. रस्ते खणून लष्करी गाड्या अडवणं, रात्रभर पहारा देणं, चिठ्ठ्या पोहोचवणं, फरारी लोकांना घरात लपवणं या कामांवर तो लढा चालला होता. घर जाळलं जाण्याची भीती डोक्यावर ठेवून लोकांनी ती केली, आणि पेन्शनच्या वेळी यातलं बरंचसं काम पुरेसं धरलं गेलं नाही.

याहून ठसठशीत पुरावा हवा असेल तर मार्गारेट स्किनिडरची फाइल वाचा. ही स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजला जन्मलेली शिक्षिका, आईवडील आयरिश. 1916च्या उठावात ती डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन भागात आयरिश सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र संघटनेबरोबर होती. तिला तीन गोळ्या लागल्या. हे गुपित नव्हतं, अख्ख्या डब्लिनला ठाऊक होतं. 1925मध्ये तिने जखमींच्या पेन्शनसाठी अर्ज केला. सरकारी कायदेतज्ज्ञाने मत दिलं की कायद्यातला ‘सैनिक’ म्हणजे पुरुष, त्यामुळे ही बाई त्यात बसत नाही. अर्ज फेटाळला. पुढे 1938मध्ये तिला पेन्शन मिळाली. आता सांगा, 1925 ते 1938 या काळात मार्गारेट स्किनिडर तोतया होती? त्या तीन गोळ्या तेवढ्या काळापुरत्या लागल्या नव्हत्या?

आपल्याकडेही 1972मध्ये ताम्रपट दिले गेले, आणि ताम्रपट न मिळालेले किती तरी भूमिगत कार्यकर्ते आपण गावोगावी पाहिलेत. त्यांच्या नातवंडांना कुणी असा मेसेज पाठवला तर आपण ऐकून घेऊ का?

नामंजुरीचं पत्र हा खरं तर शोधातला मोठा धागा असतो. पत्र आहे म्हणजे फाइल आहे. फाइलमध्ये अर्जदाराने स्वतः लिहिलेली हकिगत असते, बटालियनच्या जुन्या अधिकाऱ्यांनी तिला दिलेला दुजोरा किंवा नकार असतो, आणि पुष्कळदा गरिबीची, आजारपणाची पत्रं असतात. डब्लिनच्या रॅथमाइन्स भागातल्या काहल ब्रुहा बरॅक्समध्ये मिलिटरी आर्काइव्हज् आहे. तिथला हा पेन्शन संग्रह 2014पासून टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर खुला होतोय. एक पैसा पडत नाही. तुमची फाइल अजून दिसत नसेल तर तिची पाळी आलेली नसेल, एवढाच त्याचा अर्थ. त्याच संग्रहात तुकड्यांच्या नामावल्या आहेत, 11 जुलै 1921 या युद्धविरामाच्या दिवशी कोण कोणत्या कंपनीत, म्हणजे स्थानिक तुकडीत, होतं त्याच्या. माझ्या लेकीने पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीच्या, नावावरून कंपनी शोधली आणि आजोबांचं नाव तिथे सापडलं. विहीणबाईंना ते पान छापून दिलंय.

आता जळलेल्या कागदपत्रांचं. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सार्वजनिक दप्तरखाना जळून खाक झाला. 1821 ते 1851च्या जनगणना जवळपास संपल्या, शतकांची मृत्युपत्रं गेली. अठराव्या शतकातला पूर्वज शोधणाऱ्याचं नुकसान कधीच भरून येणार नाही. पण तुमचा माणूस 1916 ते 1923 या काळातला आहे. त्याच्याबद्दलचे बहुतेक कागद त्या आगीनंतर तयार झाले, ते तिच्यात जळणार कसे? 1901 आणि 1911ची जनगणना शाबूत आहे आणि फुकट पाहता येते. जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदी 1864पासून वेगळ्या ठिकाणी होत्या, त्याही वाचल्या. शिवाय 1947 ते 1957 या काळात ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरीने लढ्यातल्या लोकांच्या 1,773 जबान्या लिहून घेतल्या. त्या कुलूपबंद होत्या, 2003मध्ये उघडल्या. तुमच्या आजोबांनी जबानी दिली नसली तरी त्यांच्या कॅप्टनने दिली असेल, आणि तिच्यात त्यांचं नाव असेल. नामावल्यांची एक मर्यादा मात्र खरी आहे. पकडलं जाण्याच्या भीतीने तेव्हा याद्या ठेवत नसत. आज दिसतात त्या 1930च्या दशकात जुन्या सहकाऱ्यांनी आठवून केलेल्या आहेत, त्यामुळे नावं सुटली आहेत.

बिल्ला आणि फोटोवरून 1916 सिद्ध करणाऱ्यांनी 1914 साल वाचावं. आयरिश व्हॉलंटिअर्स हे स्वयंसेवक दल नोव्हेंबर 1913मध्ये स्थापन झालं आणि सप्टेंबर 1914मध्ये फुटलं. होमरूलवाल्या आयरिश पक्षाचा पुढारी जॉन रेडमंडने पहिल्या महायुद्धात ब्रिटनला साथ द्या म्हटल्यावर प्रचंड बहुमत त्याच्यामागे गेलं. दलाचा प्रमुख ओइन मॅकनीलबरोबर दहा-बारा हजारच उरले, आणि उठाव त्यांच्यातल्याही थोड्यांनी केला. उत्तरेत अल्स्टर व्हॉलंटिअर्स होते, ते तर होमरूलच्या, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याच्याच, विरोधात. म्हणून 1914चा फोटो कोणत्या गटाचा आहे ते आधी तपासावं लागतं. पदकांचंही तसंच. 1916चं पदक वेगळं आणि 1917-21चं वेगळं. 1917-21च्या पदकाच्या रिबिनीवर ‘लढाई’ असं कोरलेली पट्टी असेल तर प्रत्यक्ष सेवा, नसेल तर सदस्यत्व. बहुतेक पदकांवर नावही नसतं, त्यामुळे ते घरातल्या कुणाचं हे कागदावरूनच ठरतं.

ब्रिटिश सैन्याबद्दलचं विधान कॉर्कमध्ये उभं राहून करून दाखवावं. नोव्हेंबर 1920मध्ये कॉर्कमधल्या किलमायकलला ब्रिटिश तुकडीवर छापा घालणारा टॉम बॅरी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातर्फे मेसोपोटेमियात होता. आणि आपल्या हिंदुस्थानातच काय घडलं? जून 1920मध्ये जालंधर आणि सोलनला कनॉट रेंजर्स या ब्रिटिश पलटणीतल्या आयरिश शिपायांनी मायदेशातल्या अत्याचारांविरुद्ध बंड केलं. त्यांच्यातल्या जेम्स डेलीला 2 नोव्हेंबर 1920 रोजी सोलनजवळच्या डगशाईला गोळ्या घातल्या. 1936मध्ये आयरिश सरकारने या बंडवाल्यांसाठी पेन्शनचा स्वतंत्र कायदा केला. त्यांच्याही फाइली त्याच संग्रहात आहेत.

पासपोर्टचं विधान दोन ओळींपेक्षा जास्त लायकीचं नाही. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून नागरिकत्व मिळतं. आजोबांनी बंदूक धरली की नाही हे कुणी विचारत नाही.

आणि ते प्रमाणपत्र कुणीही विकत घेऊ नका. ज्यांना खरोखर शोधायचंय त्यांनी 1911च्या जनगणनेत घर आणि वय पक्कं करावं, कारण एकाच पॅरिशमध्ये त्याच नावाचे तिघे-चौघे हमखास निघतात. मग पॅरिशवरून कंपनीची नामावली, तिथून पेन्शनची आणि पदकाची फाइल. इंग्रजी नावाने सापडलं नाही तर आयरिश रूपाने शोधावं. तरीही अडलं तर मिलिटरी आर्काइव्हज्‌ला नाव, पत्ता आणि ब्रिगेड लिहून पत्र टाकावं.