शून्य अपघाताची सोपी कृती

कोल्हापूरजवळ शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला तुमची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिटर येणार आणि त्यानं 'निअर मिस'चं रजिस्टर मागितलंय. घाबरू नका. रजिस्टर ठेवायचंही आणि ते कोरंही ठेवायचं, हे जमतं.

निअर मिस म्हणजे काय? थोडक्यात हुकलेला अपघात. पावसाळा, रात्रपाळी. लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, नीट तापवलेलं नाही, अस्तरात ओल राहिलीय. त्यात लोखंडाचा चौदाशे अंशांचा रस पडला की त्या ओलीची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या दीड हजारपट जागा लागते आणि रस उसळतो. एक गोळा पोराच्या बुटापासून वीतभर लांब पडतो. पोरगं मागं सरकतं, "आंबाबाईनं वाचवलं" म्हणतं आणि परत ओतायला लागतं. मिटला की विषय! हेच कागदावर आणलंत तर लॅडल तापवलं का नव्हतं, असं कुणीतरी विचारणार. बर्नर बंद होता. कधीपासून? तीन आठवडे. खरेदीची चिठ्ठी कुणाच्या टेबलावर पडली होती? आता बोला. त्यापेक्षा आंबाबाईचं नाव पुढं केलेलं बरं.

म्हणून फॉर्म चार पानी करा, तोही इंग्रजीत. नाव, तिकीट नंबर, चूक कुणाची, आणि खाली सुपरवायझरची सही. ज्यानं बर्नरकडं काणाडोळा केला, त्याचीच सही. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका नियामकाकडं न कळवता नासाकडं कळवतात आणि तिथं नाव काढून टाकतात म्हणे. नाव काढल्यावर मेमो द्यायचा कुणाला?

थोडा अभ्यासही मिरवा. हाइनरिख नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसानं १९३१ साली मांडलं की एका मोठ्या इजेमागं २९ किरकोळ इजा आणि ३०० बिनइजेचे प्रसंग असतात. पुढं या आकड्यांवर पुष्कळ वाद झाले. तुम्ही ३०० च्या भानगडीत पडूच नका. त्याच माणसानं ८८ टक्के अपघातांचं खापर कामगाराच्या वागण्यावर फोडलं होतं. वाद त्यावरही झाले, पण हा आकडा मात्र फ्रेम करून केबिनमध्ये लावा.

योगायोग बघा, १९४८ च्या जुन्या कारखाना कायद्यातलं अपघात कळवायचं कलमही ८८ च. माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कळवायचं. यावरचा तोडगा तुम्हाला मी सांगायला नको. बँडेज बांधलेल्याला रिक्षानं आणायचं, कार्ड पंच करायचं आणि स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवायचं. हजेरी पूर्ण.

सगळ्यात जालीम उपाय मात्र जेवणाचा. महिनाभर अपघात नाही तर अख्ख्या पाळीला तांबडा-पांढरा, असं जाहीर करा. मग फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करताना, बोट चेंगरलं तर तो गडी स्वतःच गप्प बसतो. नाही बसला तर बाकीचे बसवतात, "एका बोटासाठी सगळ्यांचं मटण घालवतोस व्हय रं?" एवढ्या स्वस्तात कुठला सेफ्टी ऑफिसर मिळतो?

राहिली सूचनापेटी. ती साहेबाच्या केबिनबाहेर, बरोबर कॅमेऱ्याखाली लावा. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात ती फक्त ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, हार घालून उघडतात. मागच्या वेळी आत मावा बांधलेला प्लॅस्टिकचा कागद, उचल मागणारा एक अर्ज आणि एवढीच चिठ्ठी निघाली: "पेटीचा पत्रा बाहेर आलाय, चिठ्ठी टाकताना हात कापतो."

खाली नाव नव्हतं, सुपरवायझरची सही नव्हती, विहित नमुनाही नव्हता. बाद केली.